विकीच्या पानाला पासवर्ड लावायचाय, पण त्या पानाच्या प्रती कुठे कुठे पडल्यात ते बघितलं का

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असंय की नाशिकच्या अंबडला तुमचं मशीनिंगचं युनिट, ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर डोकुविकी (सगळ्यांनी मिळून पानं लिहायचा विकी प्रोग्राम) टाकलाय, चौदा-पंधरा जण वापरतात, जॉब कार्डपासून व्हेंडरच्या रेटपर्यंत सगळं त्यातच, आणि आता मालक म्हणतायत की पगाराचं पान, जीएसटी पोर्टलचे लॉगिन आणि कस्टमरप्रमाणे भाव ही तीन पानं पासवर्डशिवाय उघडायला नकोत, सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरालासुद्धा नाही. तुम्ही एसीएल (कुणी कुठलं पान बघायचं त्याची यादी) लावली, तर त्याच पोराने नोटपॅडमध्ये फाईल उघडून पगार वाचून दाखवला.

पोरगा गुणी आहे, निदान दाखवला तरी. बहुतेक ठिकाणी गुपचूप वाचतात.

डोकुविकीला डेटाबेस नसतो, प्रत्येक पान म्हणजे डेटा फोल्डरमधल्या पेजेस फोल्डरात पडलेली साधी टेक्स्ट फाईल. एसीएल फक्त डोकुविकी या प्रोग्रामला सांगते की कुणाला पान दाखवायचं आणि कुणाला नाही, त्या फाईलला बिचारीला यातलं काहीच माहीत नसतं. मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो तो प्रोग्राम) घेतला असता तरी हेच झालं असतं, तिथे मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि डेटाबेसचा डंप, म्हणजे अख्खी प्रत, काढला की वाचता येतो, वर मीडियाविकीवालेच सांगतात की पानापानाला वेगळी वाचायची बंदी घालायला हे बनवलेलंच नाही. मुळात १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅमने पहिला विकी सुरू केला तोच येईल त्याने वाचावं, येईल त्याने दुरुस्त करावं म्हणून. त्यात आपण तिजोरी बसवायला निघालोय, त्यामुळे ती कुठेतरी वाकडी बसणार हे धरूनच चाला.

आता एनक्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर गुंडाळणं, कुठे करायचं, सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये, हा पहिला प्रश्न आणि याच्यावरच पुढचं सगळं ठरतं. सर्व्हरवर करणारं प्लगइन (विकीला जोडायचा छोटा प्रोग्राम) असेल तर तुम्ही पासवर्ड टाकता, तो सर्व्हरकडे जातो, तिथे पीएचपी कोड पान उलगडतो आणि तुम्हाला दाखवतो. याचा उपयोग एवढाच की बॅकअपचा पेनड्राईव्ह रिक्षात राहिला किंवा पीसी चोरीला गेला तर पानं वाचता येणार नाहीत. पण तुमच्या पोराने त्या कोडमध्ये एक ओळ घातली की येणारा प्रत्येक पासवर्ड एका फाईलमध्ये लिहून ठेव, तर संपलं. म्हणून तुमच्या कामाला ब्राउझरमध्येच एनक्रिप्ट करणारं पाहिजे, म्हणजे मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवरच गुंडाळला जातो आणि सर्व्हरकडे नुसता अक्षरांचा काला जातो.

यातही एक मेख आहे आणि ती आधीच सांगतो, नंतर मला शिव्या नकोत. ब्राउझरमध्ये जो जावास्क्रिप्ट कोड चालतो तो येतो कुठून? त्याच सर्व्हरवरून. मनात आणलं तर पोरगा तो कोडही बदलू शकतो. म्हणजे ब्राउझरमधल्या एनक्रिप्शनने फाईल उघडून बघणं थांबतं, बॅकअप सुरक्षित होतो, पण ज्याच्या हातात सर्व्हर आहे आणि जो ठरवूनच बसलाय त्याच्यापुढे ते टिकत नाही. तेवढा अविश्वास असेल तर मजकूर विकीच्या बाहेरच, वेगळ्या प्रोग्राममध्ये एनक्रिप्ट करायचा आणि विकीचा उपयोग फडताळासारखा, बंद डबा ठेवायला करायचा. त्याच्यावर शेवटी येतो.

ब्राउझरमधलं प्लगइन निवडताना किंवा कुणाकडून करून घेताना आत काय पाहिजे ते सांगतो, म्हणजे करणाऱ्याला विचारता येईल. माणसाने टाकलेला पासवर्ड थेट चावी म्हणून वापरायचा नसतो, त्यातून चावी तयार करायची असते आणि ती मुद्दाम हळू तयार व्हायला पाहिजे. वेब क्रिप्टो म्हणजे ब्राउझरमध्ये आधीपासूनच असलेली एनक्रिप्शनची सोय, त्यात यासाठी पीबीकेडीएफ२ नावाची पद्धत मिळते आणि वेब सुरक्षेवर काम करणारी ओडब्ल्यूएएसपी ही संस्था एसएचए-२५६ या हॅशबरोबर त्याची किमान ६,००,००० आवर्तनं करायला सांगते. जुन्या प्लगइनमध्ये मी १,००० सुद्धा बघितलीत, तसलं काही दिसलं तर घेऊच नका. आर्गॉन२ ही चावी बनवायची पद्धत त्याहून चांगली, पासवर्ड हॅशिंगची जी स्पर्धा २०१५ साली संपली ती तिनेच जिंकली, पण ती वापरायला वेब क्रिप्टोच्या जोडीला वेगळी लायब्ररी जोडावी लागते. हे हळूपण कशाला? कारण लॉगिनचा पासवर्ड कुणी पाच वेळा चुकवला की सर्व्हर त्याला अडवू शकतो, पण एनक्रिप्ट केलेलं पान एकदा कॉपी करून घरी नेलं की तिथे अडवणारं कुणी नाही, रात्रभर मशीन लावून लाखो पासवर्ड मारून बघता येतात.

प्रत्येक पानाला वेगळा सॉल्ट, म्हणजे चावी बनवताना पासवर्डात मिसळायचा आकडा, १६ बाइटचा, रँडम. मग एईएस-जीसीएम २५६ या एनक्रिप्शनच्या पद्धतीने मजकूर एनक्रिप्ट. जीसीएममध्ये १२ बाइटचा आयव्ही, म्हणजे एनक्रिप्ट करताना सोबत द्यायचा एक आकडा, लागतो आणि तो प्रत्येक सेव्हला नवा पाहिजे, इथे चालढकल नाही. एकाच चावीने तोच आयव्ही दोनदा वापरला तर जीसीएम अक्षरशः उघडं पडतं, आणि विकीत तर जुन्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी जपून ठेवलेल्या असतात, म्हणजे फोडणाऱ्याला आयतंच ताट वाढलेलं. जीसीएमचा फायदा असा की कुणी मधली चार अक्षरं बदलली किंवा पासवर्ड चुकला तर ते सरळ एरर देतं, अर्धवट कचरा दाखवत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट जी बहुतेक जण सोडून देतात. तिन्ही पानांना एकच पासवर्ड असेल, तर भावाच्या पानातला काला त्याच्या सॉल्टसकट उचलून पगाराच्या पानात चिकटवला तरी तो बिनतक्रार उघडतो. म्हणून एनक्रिप्ट करताना सोबत पानाची ओळख बांधून टाकायची सोय जीसीएममध्ये असते ती वापरायची. मी पहिल्यांदा पानाचं नावच बांधलं होतं, मग कुणीतरी पानाचं नाव बदललं आणि पान उघडेना, अर्धा दिवस डोकं खाजवलं. तेव्हापासून प्रत्येक पानाला एक रँडम नंबर देतो आणि तो बांधतो.

आता आपल्या मराठीपायी येणारी भानगड. एनक्रिप्ट झालेले बाइट पानात ठेवायला बेस६४ करावे, म्हणजे साध्या अक्षरांत लिहावे लागतात आणि त्यासाठी ब्राउझरमधलं जे जुनं सोपं फंक्शन सगळे वापरतात ते देवनागरी मजकूर थेट दिला की एरर मारतं. आधी त्या मजकुराचे यूटीएफ-८ बाइट करून घ्यायचे असतात. इंग्रजीत टेस्ट करून "चालतंय" म्हणून सांगणारे इथेच पकडले जातात, तेव्हा पहिली टेस्ट मराठी पानानेच करा. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, बेस६४ ने त्यात वर तिसरा हिस्सा वाढतो, म्हणजे १,००० चिन्हांचं पान ४,००० अक्षरांचं होतं. त्याने काही बिघडत नाही, पण माहीत असावं.

आणि पासवर्ड देवनागरीत ठेवू नका, प्लीज. सुचतो छान, लक्षातही राहतो, पण "ॲ" हे अक्षर काही कीबोर्डवर एकाच कोडने येतं आणि काहींवर अ आणि वरचा चंद्र असं जोडून येतं, दिसायला अगदी सारखं, बाइट वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी दिसणारी रूपं एकसारखी करायची सोय) लावलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. तीच गत "वाऱ्यावर" मधल्या ऱ्य ची, तोही दोन तऱ्हेने टाईप होतो. ऑफिसच्या पीसीवर लावलेला पासवर्ड मोबाईलच्या कीबोर्डवरून चुकीचा ठरतो आणि माणूस शपथेवर सांगतो की मी बरोबरच टाकला, आणि तो खरंच बरोबर असतो.

मग ठेवायचा काय? गाडीचा नंबर नको, नाशकातला कुणीही एमएच १५ पासूनच सुरुवात करेल. त्र्यंबक, गोदावरी, पंचवटी आणि पुढे १२३ हे तर नकोच नको, मी आजवर जेवढ्या ऑफिसात बसलोय त्यातल्या निम्म्या ठिकाणी वायफायचा पासवर्ड याच्यातलाच निघालाय. फासे टाकून शब्द निवडायची डाइसवेअरची पद्धत घ्या, ७,७७६ शब्दांची यादी असते, पाच फासे टाकले की एक शब्द, असे सहा शब्द. म्हणजे साधारण ७७ बिटांची ताकद, आणि तोंडाने सांगताही येतो. शब्द फाशांनीच निवडायचे, आपल्या मनाने निवडले की परत गोदावरीच येते.

आता खरं दुखणं. हे माझ्याच हातून झालेलं आहे म्हणून तपशिलात सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात मी असंच ब्राउझरमध्ये एनक्रिप्ट करणारं प्लगइन बसवलं, मालक खूश, मी खूश, मिसळ खाऊन घरी. चारेक महिन्यांनी डिस्क भरली म्हणून काय काय साचलंय ते बघत होतो, सहज एका कामगाराचं आडनाव शोधलं आणि कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या फाईलींच्या, फोल्डरात एक ड्राफ्टची फाईल निघाली, आत पगाराचं अख्खं पान, साध्या मजकुरात. घाम फुटला. झालं असं होतं की डोकुविकी तुम्ही टाईप करत असताना थोड्या थोड्या वेळाने ड्राफ्ट आपणहून सर्व्हरवर ठेवत असतो, काम वाया जाऊ नये म्हणून. पान सेव्ह केलं की तो ड्राफ्ट पुसला जातो. पण अकाउंटवाल्या ताई टाईप करत असताना लाईट गेली, सेव्ह झालंच नाही आणि ड्राफ्ट तसाच राहिला. एनक्रिप्शन व्हायचं होतं सेव्हचं बटण दाबल्यावर, आणि मजकूर त्याच्या आधीच सर्व्हरवर पोचलेला.

मग मी पिसाळल्यासारखा सगळीकडे शोधत सुटलो. अ‍ॅटिक नावाच्या फोल्डरात पानाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या असतात, तिथे एनक्रिप्ट करायच्या आधीचं पान जसंच्या तसं होतं. इंडेक्सच्या फोल्डरात सर्चसाठी शब्दांच्या याद्या असतात, शब्दाच्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या फाईली, आणि पानातून काढून टाकलेला शब्दही तिथे तसाच पडून होता. पान बदललं की मेल जायची सोय कुणीतरी चालू करून ठेवलेली, त्या मेलमध्ये काय बदललं ते ओळ न् ओळ जातं, म्हणजे एका इनबॉक्समध्ये अजून एक प्रत. रोजचा बॅकअप होता, म्हणजे या सगळ्याच्या आणखी तीस प्रती. प्रिव्ह्यूचं बटण दाबलं तरी मजकूर सर्व्हरकडेच जातो, तो दाखवायचं काम सर्व्हर करतो.

विकी हा प्राणीच असा आहे की काही म्हणून हरवू द्यायचं नाही यासाठी तो रात्रंदिवस झटतो, आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. म्हणून प्लगइन असं पाहिजे की ज्यात गुप्त मजकूर एडिटच्या मुख्य चौकटीत कधीच उघडा येत नाही, वेगळी खिडकी उघडते, तिथे लिहायचं, तिथेच एनक्रिप्ट होऊन मग चौकटीत फक्त काला येतो. हे नसेल तर बाकी कितीही भारी अल्गोरिदम असू दे, उपयोग नाही. शिवाय सेटिंगमध्ये ड्राफ्ट बंद करा, बदलाची मेल बंद करा. ड्राफ्ट बंद केला की लाईट गेल्यावर बाकीच्यांचं टायपिंग वाया जाणार आणि ते तुमच्या नावाने बोटं मोडणार, ते सहन करा नाहीतर या तीन पानांसाठी वेगळा छोटा विकी टाका. मी वेगळाच टाकतो.

तुमची पानं आधीपासून उघडी आहेत, त्यांच्यावरच एनक्रिप्शन चढवून काही होणार नाही, अ‍ॅटिकमध्ये जुनं सगळं आहेच. नवीन नावाने नवीन पान करा. जीएसटीचे आणि बाकीचे पासवर्ड आधी त्या त्या पोर्टलवर बदला आणि मगच नवे लिहा, जुने फुटलेच असं समजून चाला. पगार काही बदलता येत नाही (मालकांना विचारून बघा), तेव्हा जुन्या पानाच्या अ‍ॅटिकमधल्या फाईली, कॅश आणि राहिलेले ड्राफ्ट काढून टाका, इंडेक्स पुसून नव्याने बांधा, आणि जुने बॅकअप एक तर नष्ट करा नाहीतर मालकांच्या कपाटात.

पानाचं नाव उघडंच राहतं हे विसरू नका. एकीकडे मी पानाचं नाव चक्क "दिवाळी बोनस यंदा नाही" असं बघितलंय, आत एनक्रिप्ट, काय उपयोग. कुणी कधी बदललं, पान केवढं झालं हेही दिसतं. विकीला जोडलेली एक्सेल किंवा पीडीएफ फाईल एनक्रिप्ट होत नाही, तिच्याही जुन्या प्रती वेगळ्या साठतात. आणि एक्सेलमधलं प्रोटेक्ट शीट म्हणजे एनक्रिप्शन नव्हे, ते फक्त चुकून हात लागू नये म्हणून असतं, फाईल उघडतानाच पासवर्ड मागणारं ऑप्शन वेगळं.

तुम्ही लिहिलंय की विकी लॅनवर १९२.१६८ वाल्या पत्त्यावर साध्या एचटीटीपीने उघडतो. मग वेब क्रिप्टो चालणारच नाही, ब्राउझर ती सोय फक्त एचटीटीपीएसवर (कुलूपवाल्या, एनक्रिप्टेड कनेक्शनवर) देतो, नाहीतर त्याच मशीनवर लोकलहोस्टने. सर्व्हरवाला पोरगा सर्व्हरवरच बसून टेस्ट करतो तेव्हा झकास चालतं, आणि तुमच्या टेबलावर येऊन बंद पडतं, यात माझे दोन शनिवार गेलेत. जुनी काही प्लगइनं स्वतःची लायब्ररी आणतात म्हणून एचटीटीपीवरही चालतात, पण मग ऑफिसच्या वायफायवरचा कुणीही मधल्यामधे कोड बदलू शकतो. कंपनीचं डोमेन असेलच, त्याचा सबडोमेन घेऊन एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटचं सर्टिफिकेट डीएनएसच्या पद्धतीने, म्हणजे डोमेनच्या नोंदीत खूण घालून, काढा, त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवावा लागत नाही.

रोजच्या वापरातलं थोडं. सर्चमध्ये ही पानं सापडणार नाहीत, तक्रारी येतील. एक अक्षर बदललं तरी अख्खा काला बदलतो, त्यामुळे जुन्या-नव्यातला फरक दिसत नाही, दोघांनी एकदम एडिट केलं तर जुळवाजुळव होत नाही.

पासवर्ड विसरला तर पान गेलं. "फरगॉट पासवर्ड" नाही, मी नाही, कुणी नाही. हे मालकांना दोनदा सांगा आणि त्यांच्या समोर पासवर्ड कागदावर लिहून पाकीट बंद करून त्यांच्या घरच्या लॉकरमध्ये ठेवा. व्हॉट्सॅपवर पाठवू नका. आणि ज्याला पासवर्ड माहितीये असा माणूस नोकरी सोडून गेला तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, जुन्या आवृत्त्या जुन्याच पासवर्डने उघडतात, त्याने कॉपी घेतली असेल तर ती त्याच्याकडे आहेच. पोर्टलचे पासवर्ड त्या दिवशी बदलायचे.

तुमच्या जागी मी असतो तर जीएसटी आणि बाकीचे लॉगिन विकीत ठेवलेच नसते. त्यासाठी कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, सगळे पासवर्ड एकाच एनक्रिप्टेड फाईलमध्ये, आत आर्गॉन२ असतं, काही वेळ हात लावला नाही की आपणहून बंद होईल असं लावता येतं. ती फाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवा आणि विकीच्या पानावर फक्त "अमुक फाईलमध्ये आहे" एवढं लिहा. तिचा कोड तुमच्या सर्व्हरवरून येत नाही, त्यामुळे वरची पोराची मेख इथे लागूच होत नाही. पगाराचं तसंच, मालक आणि तुम्ही दोघंच बघणार असाल तर त्याला विकी कशाला, उघडताना पासवर्ड मागणारी एक्सेल पुरे. राहिलं कस्टमरप्रमाणे भावाचं पान, ते सेल्सच्या चार जणांना रोज लागतं, सतत बदलतं, त्याला विकी खरंच शोभतो. तेवढ्या एका पानासाठी वेगळा विकी, एचटीटीपीएस आणि वेगळ्या खिडकीत एनक्रिप्ट करणारं प्लगइन, एवढा खटाटोप करा.

बसवून झालं की त्या पानात एक अर्थहीन शब्द लिहा, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये चिन्ह नको, दहा-बारा अक्षरांचा. टाईप करता करता दोन मिनिटं थांबा, एकदा पीसीची वायर काढा, परत लिहा, प्रिव्ह्यू बघा, सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी बॅकअप झाल्यावर पूर्ण डेटा फोल्डर आणि बॅकअपमध्ये तो शब्द शोधायला लावा. अ‍ॅटिकमधल्या फाईली जीझिप केलेल्या (दाबून लहान केलेल्या) असतात, साध्या शोधात येत नाहीत, तेव्हा असल्या फाईलींच्या आत शोधणारं झेडग्रेप वापरायला सांगा. एकदाही सापडला तर प्लगइन परत. आणि हे काम त्या नोटपॅडवाल्या पोरालाच द्या, कुठे शोधायचं ते त्याला बरोबर माहितीये.